वारा अडला की ड्रायर तापतो

हैदराबादेत कपडे वाळवायला यंत्र लागेल असं हिमायतनगरातल्या जुन्या बंगल्यांत कुणी म्हटलं असतं, तर घरातल्या बायकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मे महिन्यात गच्चीवर घातलेलं नऊवारी दुसऱ्या टोकाचा चिमटा लावेपर्यंत अर्धं वाळायचं. सातव्या निजामाच्या थोरल्या मुलाचं, हिमायत अली खानाचं नाव मिरवणारी ही वस्ती आता अपार्टमेंटांची झाली आहे. गच्ची सोसायटीची, तिथे पाण्याच्या टाक्या. बाल्कनीला काच, आणि काच नसेल तिथे कबुतरांसाठी जाळी. जुलै ते सप्टेंबर या काचेआड जीनची पँट दोन-दोन दिवस ओली राहते, टॉवेलांना कुबट वास सुटतो. मग वॉशिंग मशीनच्या डोक्यावर स्टँड ठोकून ड्रायर बसतो.

यंत्र दिसायला बोजड, पण आत विशेष गुंतागुंत नाही. पत्र्याचा पिंप पट्ट्यावर फिरतो. एक मोटर, हीटरची कॉइल आणि हवा ओढणारा ब्लोअर. खोलीतली हवा कॉइलवरून जाते, तापते, ओल्या कपड्यांतून फिरते, बाष्प उचलते, जाळीच्या फिल्टरवर कपड्यांचे झडलेले तंतू सोडते आणि चार इंची पाइपातून बाहेर पडते. सन १८००च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या गृहस्थाने भोकं पाडलेला पिंप हाताने विस्तवावर फिरवला, त्यात तत्त्व हेच होतं. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसनने १८९२मध्ये चुलीच्या उष्णतेवर चालणाऱ्या ड्रायरचं पेटंट घेतलं. जे. रॉस मूरच्या कल्पनेवरून हॅमिल्टन कंपनीने १९३८मध्ये घरगुती ड्रायर बाजारात आणला.

थोडा हिशोब केला की यंत्राचा स्वभाव कळतो. साडेपाच किलो कपडे पिळून निघाले तरी त्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटला थोडी कमी वीज लागते. म्हणजे २००० वॉटच्या हीटरला एक-दीड तासाचं काम. तेवढ्यात कपडे वाळले तर यंत्र ठीक. अडीच तास फिरूनही चादरीच्या कडा ओल्या आणि दार उघडल्यावर मात्र पत्र्याला हात लावता येत नाही, अशी वेळ आली की घरातली माणसं म्हणतात, ‘हीटर जास्त तापतोय.’ बहुतेक वेळा तो नेहमीइतकीच उष्णता देत असतो; ती वाहून न्यायला वारा नसतो.

हे समजायला उष्णतेवर पहारा ठेवणारे भाग कुठे बसवलेत ते पाहावं लागतं. एका प्रचलित अमेरिकी रचनेत बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेवर एक थर्मोस्टॅट असतो. तो सुमारे ६८ अंश सेल्सिअसला हीटर बंद करतो आणि हवा निवली की पुन्हा चालू करतो. हीटरच्या पेटीवर दुसरा, १२१ अंशांचा. ब्लोअरच्या आवरणावर थर्मल फ्यूज, ९१ अंशांचा. एकदा उडाला की संपला. आकडे कंपनीगणिक बदलतात, मांडणी साधारण हीच.

आता पाइप तुंबला असं धरा. गरम हवा पुढे सरकत नाही, म्हणून वाटेवरच्या थर्मोस्टॅटला ती पुरेशी पोचतच नाही. त्याच्या लेखी सगळं गार आहे. तो हीटर चालूच ठेवतो. तिकडे हीटरची पेटी भाजून निघते आणि कपडे मात्र आपल्याच वाफेत ओले राहतात. पिंपाच्या कडेचं नमद्याचं सील झिजलं तरी घोटाळा याच जातीचा. फटीतून खोलीची गार हवा आत शिरते, गरम हवेत मिसळते आणि पहारेकऱ्याला खोटी बातमी देते.

थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची जोडचकती असते. तापली की दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, चकती वाकते आणि ठरलेल्या तापमानाला ‘टक्’ करून उलटते. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॉन स्पेन्सरला ही चकती भट्टीच्या दारावरून सुचली, असं सांगतात. भट्टी तापली की पत्र्याचं दार आवाज करून फुगायचं, निवली की परत बसायचं. त्यावर त्याने कंपनी उभारली. आज इस्त्रीपासून ड्रायरपर्यंत तीच चकती टकटकते.

म्हणून बिघाड शोधायचा तो बाहेरून आत. आधी प्लग काढायचा आणि निरखायचा. १६ अँपिअरच्या प्लगची पिन काळवंडली असेल, तर सॉकेटमधलं सैल कनेक्शन वेगळंच तापतंय. मग फिल्टर. जाळी स्वच्छ दिसते, पण नळाखाली धरल्यावर पाणी तिच्यावर साचून राहिलं तर सॉफ्टनरचा पापुद्रा बसलाय. मऊ ब्रश आणि साबणाने तो घालवावा लागतो. त्यानंतर पाइप.

हिमायतनगरातल्या फ्लॅटमध्ये घोळ इथे असतो. पाइप खिडकीच्या गजांतून बाहेर काढलेला आणि त्याच्या तोंडावरून कबुतरांची जाळी ताणलेली. ओले तंतू जाळीच्या दोऱ्यांना चिकटतात, त्यांवर रस्त्याची धूळ बसते, आणि एका पावसाळ्यात तोंडाशी करड्या रंगाचा जाड नमदा तयार होतो. तो बोटाने सोलला तर अख्खा निघून येतो. ड्रायर दिवाळीनंतर बंद पडून असतो, तेव्हा जाळी नसलेल्या पाइपात काटक्या येतात, मग अंडी. शिवाय यंत्र भिंतीला सरकवताना मागे चेपलेला पाइप कुणाला दिसत नाही.

पाइप काढून यंत्र थोडा वेळ रिकामं चालवायचं आणि मागच्या तोंडाशी हात धरायचा. वाऱ्याचा चांगला झोत आला तर दोष पाइपाचा. झोत मिळमिळीत असेल तर ब्लोअर पाहायचा. पंख्यात अडकलेला बाळाचा मोजा किंवा झिजून दांड्यावर नुसताच घसरणारा प्लॅस्टिकचा पंखा सापडतो. हेही ठीक निघालं, तरच प्लग पुन्हा काढून मल्टिमीटर हातात घ्यायचा. २३० व्होल्टवर २००० वॉटच्या कॉइलचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम भरतो. कॉइलचं टोक आणि पत्रा यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर कॉइल लोंबून पेटीला टेकलीय. घरात आरसीसीबी, म्हणजे वीजगळती ओळखणारा स्विच, असेल तर तो पडतो. नसेल आणि थर्मोस्टॅट न्यूट्रलच्या बाजूला असेल, तर वीज पत्र्यावाटे अर्थिंगकडे वाट काढते आणि थर्मोस्टॅट सुटला तरी हीटर तापतच राहतो. उरला हीटर चालू-बंद करणारा रिले. त्याचे संपर्क एकमेकांना वितळून चिकटले, तर कंट्रोल कार्डाने बंद सांगूनही हीटर विझत नाही.

प्रत्यक्षात मात्र मेकॅनिकशी संवाद असा होतो. ‘अम्मा, फ्यूज उड गया. पीस आने तक डायरेक्ट कर दूं?’ पावसाळ्यात ओल्या कपड्यांचा ढीग समोर असताना ‘नक्को भैया’ म्हणायला धीर लागतो. थर्मोस्टॅट किंवा फ्यूज वगळून दोन तारा जोडणं म्हणजे ‘डायरेक्ट करणं’. यंत्र लगेच चालू होतं, म्हणूनच ते घातक. ट्रूप बाजारच्या दुकानांत विचारपूस करून नवा फ्यूज आणला, लावला आणि पाइप तसाच ठेवला, तर तोही उडणार. डायरेक्ट केला असेल तर उडायला काही उरत नाही, मग पेटतं.

आग ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात तिथे दर वर्षी घरगुती ड्रायरच्या २,९०० आगी लागल्या. ३४ टक्के आगींत साफसफाई न करणं हे मुख्य कारण. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१६मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या बहुमजली इमारतीला ड्रायरमुळे आग लागली. हीटरवर तंतू पडून पेटण्याच्या दोषामुळे व्हर्लपूलला २०१९मध्ये तिथली यंत्रं परत मागवावी लागली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अभ्यंगाचे, मालिशचे पंचे. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतं आणि उष्णता सोडतं. धुऊनही सगळं तेल निघत नाही. असे पंचे गरम असतानाच गठ्ठा करून ठेवले, तर ती उष्णता आत कोंडते आणि तासाभराने धूर निघू शकतो. शेवटची गार हवेची दहा मिनिटं त्यासाठीच असतात. घाईने दार उघडून ती वाचवू नयेत. तेलकट पंचे दोरीवरच बरे.

हल्ली हीट पंपचे ड्रायर मिळतात. ते कमी तापमानावर चालतात आणि त्यांना बाहेर पाइप लागत नाही. तरी जाळी त्यांनाही आहे, तंतू तेवढेच झडतात. त्यामुळे मेकॅनिकला विचारायचा प्रश्न बदलत नाही: फ्यूज का उडाला? फ्यूज बदलायला पाच मिनिटं पुरतात, कारण शोधायला तास जातो. त्याला मेहनताना द्यायचा तो त्या तासाचा.