लॉरियनची चांदी

इसवी सनपूर्व 483च्या सुमारास अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. नागरिकांना माणशी 10 द्राख्मा (तेव्हाचं ग्रीक चलन) वाटायचे घाटत होते. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस याने मात्र त्या पैशातून युद्धनौका बांधायला लोकांना राजी केलं. तीन वर्षांनी याच नौकांच्या बळावर सालामिसच्या सागरी लढाईत इराणी आरमाराचा पराभव झाला.

ही चांदी शिशाच्या खनिजात असे. खनिज कुटायचं, धुवायचं, वितळवायचं. मग तापत्या भट्टीत शिशाची राख वेगळी होई आणि चांदी उरे. तिचं सुमारे 17 ग्रॅमचं, घुबडाचा छाप असलेलं नाणं भूमध्य समुद्राकाठी सर्वत्र चाले. खाणीत राबणारे बहुतेक गुलाम होते, अरुंद बोगद्यांत दिव्याच्या उजेडात खणणारे. अथेन्सच्या वैभवाचं कौतुक करताना त्यांना वगळणं अन्यायाचं आहे.

2002 मध्ये ग्रीसचा आधुनिक द्राख्मा चलनातून गेला आणि त्याची जागा युरोने घेतली. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तेच घुबड आहे.