सरासरीची साक्ष : ‘हँडिकॅप’ आणि ‘सँडबॅगिंग’

खेळातील संज्ञांचा अर्थ केवळ कोशात शोधून भागत नाही. तो त्या खेळाच्या व्यवहारात शोधावा लागतो. अमेरिकेतील हौशी टेनपिन बोलिंगच्या साखळी स्पर्धांत, म्हणजे ‘लीग’मध्ये, रूढ असलेल्या ‘हँडिकॅप’ व ‘सँडबॅगिंग’ या दोन संज्ञा या दृष्टीने विचारार्ह आहेत.

पहिल्या संज्ञेचे मूळ ‘हँड इन कॅप’, म्हणजे ‘टोपीत हात’, या शब्दांत आहे. सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीत इ. स. १६६० मध्ये ती एका खेळाचे नाव म्हणून येते. दोघांनी वस्तूंची अदलाबदल करावयाची, त्यांच्या मोलांतील फरक पंचाने ठरवावयाचा आणि तो मान्य की अमान्य हे दोघांनी टोपीतून हात काढून दाखवावयाचे, असा तो प्रकार होता. पुढे शर्यतीत सरस घोड्यावर अधिक वजन लादण्यास हा शब्द लागू झाला. दोन्ही ठिकाणी मोल ठरविणारा तिऱ्हाईत होता, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

बोलिंगमध्ये त्याची जागा अंकगणिताने घेतली. एखाद्या लीगने २२० हा आधारांक व ९० टक्के हे प्रमाण मानले, तर २०० सरासरीच्या खेळाडूस प्रत्येक डावात १८ आणि १८५ सरासरीच्या खेळाडूस, अपूर्णांक सोडून, ३१ गुण अधिक मिळतात. दोघेही सरासरीइतके खेळल्यास बेरजा २१८ व २१६ होतात. सामना चुरशीचा राहतो आणि निपुणतेस अल्पसा लाभही उरतो. आता १८५ ची कुवत असलेल्याने बिनमहत्त्वाच्या डावांत उभ्या पिना मुद्दाम सोडून आपली सरासरी १६० वर राखली, असे समजू. त्यास ५४ गुण मिळतील. मोक्याच्या दिवशी तो कुवतीनुसार खेळला की बेरीज २३९ होईल.

हेच ‘सँडबॅगिंग’ होय. वाळूची पिशवी दिसण्यात निरुपद्रवी, परंतु गुंडांच्या हाती ती हत्यार ठरे. पोकरमध्ये उत्तम पाने हाती असता दुबळेपणाचा आव आणण्यासही हाच शब्द योजतात. मराठीत ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार या अर्थाच्या बराच जवळ येतो.

भाषाभ्यासकास येथे एक गोष्ट जाणवते. सरासरी हे केवळ गणित नसून खेळाडूने स्वतःविषयी केलेले विधान आहे, आणि ऐकणाऱ्यास त्यावर विश्वास ठेवणे भाग असते. खोटे सांगण्यास तोंड उघडावे लागतेच असे नाही. इ. स. २००५ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार, अन्य लीगमध्ये वा स्पर्धेत लाभ मिळावा म्हणून कुवतीहून कमी सरासरी प्रस्थापित करणे गैर आहे. परंतु चुकून राहिलेली पिन व हेतुतः सोडलेली पिन यांत बाह्य भेद नसतो. कसून सराव करून सुधारलेला प्रामाणिक खेळाडूही मग विनाकारण संशयास पात्र होतो.

म्हणूनच काही ठिकाणी मागील हंगामाची सरासरी आधार म्हणून धरतात, तर काही स्पर्धांचे व्यवस्थापक पूर्वीची कामगिरी पाहून सरासरी वाढवितात. अर्थात, अंकगणिताने बाजूस सारलेला तिऱ्हाईत पुन्हा आणावा लागतो. मोजमाप ज्याचे करावयाचे त्याच्याच हाती माप दिले, तर न्याय त्याच्या सचोटीएवढाच टिकतो; ‘टोपीत हात’ घालणाऱ्यांनी पंच का नेमला होता, याचे उत्तर यातच आहे.