भांडणाचे मूळ आणि पाण्याचा ताळेबंद

माणसांची भांडणे वरवर पाहता वेगवेगळी दिसतात. भावाभावांत बांधावरून वाद होतो, शेजाऱ्यांत पाण्यावरून, भावकीत मानपानावरून, तर दोन गटांत सत्तेवरून. मुळे मात्र मोजकीच: टंचाई, हाव, दुखावलेला मान आणि संशय. रमजानचा रोजा यातल्या हावेला, म्हणजे नफ्सला आवर घालायला शिकवतो. कुणी भांडायला आलेच, तर ‘मी रोजेदार आहे’ एवढे म्हणून बाजूला व्हावे, अशी पैगंबरांची शिकवण आहे.

पण एकेकट्याच्या सब्राने गावाचे तंटे मिटतात का? याचे उत्तर नगर तालुक्यातील हिवरे बाजारमध्ये सापडते.

1972 च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी गाव सोडू लागली. मागे दारूच्या भट्ट्या आल्या आणि भट्ट्यांमागून मारामाऱ्या. सरकारी नोकरांना इथली बदली शिक्षा वाटे. माणसे मुळात वाईट नव्हती, शिवार कोरडे पडले होते.

1989 मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. श्रमदानातून चर खणले गेले, बंधारे उभे राहिले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, दारूबंदी आली. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे ग्रामसभेने ठरवले. ज्याच्याकडे बोअर घेण्याइतका पैसा होता, त्यानेही हात आवरला. हा गावाने मिळून पाळलेला संयमच म्हणायचा.

दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे आणि जनावरे, मग पिके. पाऊस कमी, तर पिकांना कात्री. आकडा सर्वांसमोर असतो, म्हणून संशयाला जागा राहत नाही. नियम सर्वांना एकच, म्हणून कुणाचा मान दुखावत नाही. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली, ती याच पाण्यामागे.

पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. हिवरे बाजारने पाणी आणि गवत दोन्ही सामाईक मानून राखले. त्या गावात मुस्लीम कुटुंब अवघे एक. त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधली. हा डोकी मोजणारा हिशेब नव्हे, हक्काचा आहे.

आता उन्हाळा तोंडावर आहे. शहरातल्या गल्लीत नळाला थेट मोटार लावणारा एकजण असतो आणि त्याच्यामुळे चार घरांच्या घागरी रिकाम्या राहतात. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण रोजेदाराला ठाऊक असते. इफ्तारच्या पहिल्या घोटाला पाण्याची किंमत कळते. ती कळली, की मोटार काढायला कुणी सांगावे लागू नये.