शाळा बंद, मग डोकेदुखी चालू की बंद?

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. शाळेला सुट्टी लागली की डोकं दुखायचं थांबतं, की जास्त दुखायला लागतं? "थांबतं!" असं तुम्ही एका सुरात ओरडला असाल. आई-बाबांना विचाराल तर ते म्हणतील, "सुट्टीत दिवसभर मोबाईल हातात, मग दुखणारच!" गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. २०२० साली हे कोडं साऱ्या जगातल्या मुलांना एकदमच पडलं होतं.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी झाली आणि शाळांना कुलपं लागली.  आपल्या राज्यात प्राथमिक शाळांचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. मोठी माणसं तापाच्या, खोकल्याच्या, ऑक्सिजनच्या काळजीत होती. पण ज्यांचं डोकं कोरोनाच्या आधीपासूनच वरचेवर दुखायचं, त्या मुलांचं काय झालं असेल?

इटलीतल्या डॉक्टरांना हाच प्रश्न पडला. तिथल्या शाळा मार्च २०२० च्या सुरुवातीलाच बंद झाल्या होत्या. डोकेदुखीसाठी उपचार घेणाऱ्या सातशेहून अधिक मुलांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली. बऱ्याच मुलांनी सांगितलं, "आता कमी दुखतं!" अभ्यासाचा ताण आणि शाळेची धास्ती कमी झाल्याचा हा परिणाम असावा, असं डॉक्टरांना दिसलं. पुढे अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२० चा उन्हाळा ते २०२१ चा हिवाळा या काळात शंभराहून अधिक मुलांना तेच विचारलं. तिथे जवळजवळ निम्मी मुलं म्हणाली, "आमची डोकेदुखी वाढली." आता आली का पंचाईत? टाळेबंदी दोन्हीकडे, मुलं दोन्हीकडची, आणि उत्तरं उलटसुलट!

याचा उलगडा करायचा तर आधी डोकं कसं दुखतं ते पाहू. मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही, बरं का! दुखतात ती त्याच्यावरची आवरणं, त्यांतल्या रक्तवाहिन्या आणि डोक्याचे, मानेचे स्नायू. काहींचं डोकं पट्टा आवळल्यासारखं जड होतं, ते बहुधा ताणामुळे. काहींचं ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, अंधारात झोपलं की उतरतं. ती मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी. (नाव अर्धशिशी असलं तरी लहान मुलांमध्ये पुष्कळदा अख्खं कपाळ दुखतं. त्यामुळे घरच्यांना ती ओळखूच येत नाही.) हा त्रास असणाऱ्यांचा मेंदू जरा हळवा असतो. त्याला जेवणाची वेळ चुकलेली चालत नाही, जागरण सोसत नाही, पाणी कमी पडलेलं आवडत नाही, आणि काळजी तर मुळीच मानवत नाही.

आता टाळेबंदीतलं आपलं घर आठवा. सकाळची घाई संपली, परीक्षा टळल्या, वर्गात चिडवणारं कुणी नाही. ज्या मुलाचं डोकं या कारणांनी दुखायचं त्याला बरं वाटणारच. पण शाळा नकळत बरंच काही देतही असते. ठरलेल्या वेळी उठणं, मधल्या सुट्टीतला डबा, मैदानावरचं ऊन आणि धावपळ. ते सगळं गेलं. उठायला नऊ, न्याहारीला अकरा, रात्री झोपायला बारा. शिवाय अभ्यास मोबाईलवर आला. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेनं पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका सुचवल्या होत्या. पण तासिका संपल्यावर मोबाईल कोण खाली ठेवतो? कित्येक घरांत तर तीन भावंडांत एकच फोन, तोही बाबा संध्याकाळी कामावरून आल्यावर मिळायचा. मग दिवसाचा अभ्यास रात्री, पांघरुणात!

त्याच महिन्यात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. मला ती फोनपेक्षा बरी वाटायची. दूरदर्शन संच निदान खोलीच्या पलीकडच्या टोकाला असतो. फोन मात्र आपण वीतभर अंतरावर धरतो. इतक्या जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातला एक छोटा स्नायू सतत आखडून राहतो. पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात. मान खाली झुकते आणि मानेचे स्नायू तासन् तास डोक्याचं ओझं पेलत बसतात. त्यात चष्म्याचा नंबर लागलेला असला तर तोही कळला नाही, कारण शाळाच बंद, तर शाळेतली तपासणी कुठून होणार? (मात्र प्रत्येक डोकेदुखीवर चष्मा हा उपाय नव्हे.)

आणखी एक गोष्ट मुलांनी मोठ्यांना सांगितलीच नाही. डोकेदुखी हे कोरोनाचंही एक लक्षण होतं. त्यामुळे "डोकं दुखतंय" म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरायचे. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं नंतर मला सांगितलं, "बाई, मला वेगळ्या खोलीत ठेवतील म्हणून मी कुणाला बोललेच नाही." तिच्या घरी धाकटा भाऊ दुपारी झोपायचा, म्हणून ही पलंगावर पालथी पडून आवाज बारीक करून धडे ऐकायची. डोकं दुखलं की गुपचूप डब्यातली गोळी घ्यायची. वय वर्षं नऊ!

पालकहो, या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातले पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस, अशी काही महिने सतत घेतली, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. ऍस्पिरिन तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना द्यायचीच नाही. क्वचित होणाऱ्या, पण यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा करणाऱ्या आजाराशी तिचा संबंध आहे. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देण्याची आपल्याकडची रीत सोडलेली बरी.

शाळा उघडल्यावर याच कोड्याची दुसरी बाजू पाहायला मिळाली. माझ्या वर्गातल्या एका मुलाला अर्धशिशी होती. टाळेबंदीत त्याचं डोकं फारसं दुखलं नव्हतं. शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत दुखणं परत आलं. आई म्हणाली, "बघा ना बाई, शाळेचं नाव काढलं की याचं डोकं दुखतं. नाटकं नुसती!" मी म्हटलं, "ताई, शाळेमुळे दुखतं हे खरं असेल. पण म्हणून ते खोटं दुखतं असं नाही ना?" पायात काटा मोडला की तो रस्त्यावर मोडला म्हणून कुणी दुखणं खोटं ठरवत नाही!

मग आम्ही एक वही केली. डोकं कधी दुखलं, किती वेळ दुखलं, आदल्या रात्री किती वाजता झोपला, काय खाल्लं, पाणी किती प्यायला, मोबाईल किती वेळ पाहिला, त्या दिवशी विशेष काय होतं, गोळी घेतली का. तीन आठवड्यांत चित्र दिसू लागलं. आमची शाळा सकाळची. तो नुसता चहा पिऊन यायचा, आणि डबा खायला साडेनऊ व्हायचे. टाळेबंदीत भूक लागेल तेव्हा खाणं घरातच होतं! शिवाय वहीतल्या अकरा नोंदींपैकी पाच पाढ्यांच्या तोंडी परीक्षेच्या दिवशीच्या निघाल्या. आईनं सकाळी दूध-पोळी सुरू केली, मी त्याची पाण्याची बाटली बाकावरच ठेवू दिली आणि पाढे त्याच्याकडून एकट्याकडून, मधल्या सुट्टीनंतर म्हणून घेतले. डोकेदुखी गेली म्हणाल तर नाही गेली. पण आठवड्यात तीनदा दुखायचं ते महिन्यात दोनदा-तीनदा दुखू लागलं. त्याचा मामाही अर्धशिशीवाला निघाला. हे दुखणं पुष्कळ घराण्यांत असंच चालत येतं.

टाळेबंदी संपली, पण मोबाईलवरचा गृहपाठ काही शाळांत अजून चालूच आहे. वर्गात फळा असताना रात्री नऊला गटावर अभ्यास टाकायचं कारण मला तरी समजत नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर पालकांनी शाळेत जाऊन बोलावं. तोवर मुलांनो, मोबाईल टेबलावर उभा करून हातभर दूर ठेवा, दर वीस मिनिटांनी उठून खिडकीतून लांबचं झाड पाहा, आणि झोपायच्या तासभर आधी तो ज्याचा त्याला देऊन टाका.

काही वेळा मात्र वहीत लिहीत बसायचं नाही. पडल्यावर किंवा मार लागल्यावर डोकं दुखू लागलं, दुखण्यानं झोपेतून जाग आली, सकाळी उठल्याउठल्या उलट्या होऊ लागल्या, तापाबरोबर मान ताठली, दोन-दोन दिसू लागलं, तोल जाऊ लागला किंवा कधी नव्हे इतकं अचानक दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. एरवी दुखणं वरचेवर होत असेल तर तीन-चार आठवड्यांची वही घेऊन जा. नोंदी मुलानंच केलेल्या असाव्यात, अक्षर कसंही असलं तरी चालेल.