विश्लेषण : बड्या मॉलना सरकारी जागा सवलतीच्या भाड्याने द्यावी का?

विशाखापट्टणममधील समुद्रकिनाऱ्यालगतची जवळपास १४ एकर सरकारी जमीन लुलू समूहाच्या मॉलसाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याच्या निर्णयावरून आंध्र प्रदेशात वाद पेटला. याच समूहाने अहमदाबादेत पालिकेची जमीन कोट्यवधी रुपये मोजून घेतली होती. मग एका शहरात सवलत आणि दुसऱ्या शहरात पूर्ण किंमत, असे का? महाराष्ट्रातही एसटीच्या जागा दीर्घ मुदतीने विकासकांना देण्याचे धोरण आल्यामुळे हा प्रश्न आता इथल्या वाचकांसाठीही दूरचा राहिलेला नाही.

विशाखापट्टणमचा वाद नेमका काय?

हार्बर पार्क परिसरातील ही जमीन आंध्र प्रदेश औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाकडे होती. चंद्राबाबू नायडू यांच्या २०१४ ते २०१९ या कारकीर्दीत ती लुलू समूहाला देण्याचे ठरले. २०१९ मध्ये सत्तांतर झाले आणि जगन मोहन रेड्डी यांच्या सरकारने हे वाटप रद्द केले. त्यानंतर आंध्रात यापुढे गुंतवणूक करणार नसल्याचे समूहाने जाहीर केले. २०२४ मध्ये नायडू पुन्हा सत्तेवर आले आणि २०२५ मध्ये प्रकल्प पुन्हा मार्गी लागला. सुमारे १३.७४ एकर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आणि सुरुवातीच्या काळात भाडेमाफी देऊन मॉलसाठी देण्याचा निर्णय झाला. या प्रकल्पात १,०६६ कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित आहे.

याच सुमारास विजयवाड्यातील राज्य परिवहन महामंडळाची सुमारे ४.१५ एकर जागाही याच समूहाच्या मॉलला देण्याचा निर्णय झाला. शहराच्या मध्यवस्तीतील परिवहनची जागा हातून जाणार म्हणून कर्मचारी संघटनांनी विरोध केला. जमीन वाटपाचा वाद उच्च न्यायालयातही गेला.

अहमदाबादशी तुलना का होते?

२०२४ मध्ये लुलू समूहाने अहमदाबादमधील चांदखेडा येथील महापालिकेचा सुमारे ६६ हजार चौरस मीटरचा, म्हणजे १६ एकरांहून थोडा मोठा भूखंड लिलावात घेतला. त्यासाठी सुमारे ५१९ कोटी रुपये मोजले. आंध्रातील विरोधकांनी नेमका यावरच बोट ठेवले. तिथे शेकडो कोटी देणाऱ्या कंपनीला इथे भाडेमाफी कशासाठी, असा त्यांचा सवाल आहे.

सरकारच्या बाजूनेही युक्तिवाद आहे. दोन शहरांची बाजारपेठ सारखी नाही. अहमदाबाद मोठे आणि संपन्न महानगर आहे. विशाखापट्टणमला माहिती तंत्रज्ञान आणि पर्यटनाचे केंद्र बनवायचे असेल, तर सुरुवातीला मोठे नाव आणावे लागते आणि एकदा ते आले की मागोमाग हॉटेले, कार्यालये, पर्यटक येतात. हा युक्तिवाद सरसकट फेटाळता येत नाही. प्रश्न आहे तो त्यासाठी किती रुपये सोडले गेले, आणि तेवढे सोडणे आवश्यक होते का, याचा.

खासगी मॉलमालक मोठ्या दुकानांना सवलत का देतात?

मोठ्या दुकानाला कमी भाडे, हे सूत्र सरकारने शोधलेले नाही. मॉलच्या धंद्यात ते जुने आहे. नावाजलेले मोठे दुकान गर्दी खेचते. त्या गर्दीचा फायदा शेजारच्या चपलांच्या, मोबाइलच्या, खाण्याच्या लहान दुकानांना होतो. म्हणून मॉलमालक मोठ्या दुकानाला प्रति चौरस फूट कमी भाडे लावतो आणि लहानांकडून जास्त घेतो. पीटर पाशिजियन आणि एरिक गोल्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील मॉलच्या भाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा मुख्य दुकानांना मिळणारी भाड्याची सवलत सरासरी किमान ७२ टक्के असल्याचा त्यांचा अंदाज होता.

म्हणजे सवलत हा दानधर्म नसून हिशेब असतो. मॉलमालक एका हाताने सोडलेले भाडे दुसऱ्या हाताने वसूल करतो.

मग सरकारने तेच केले तर काय बिघडले?

इथे मालक कोण, हे पाहावे लागते. एखाद्या पालिकेने स्वतःचे व्यापारी संकुल बांधले, त्यातले एक मोठे दालन सवलतीत नामांकित दुकानाला दिले आणि उरलेले गाळे स्वतः भाड्याने लावले, तर वाढलेल्या गर्दीचा फायदा पालिकेच्याच तिजोरीत येतो. मेट्रो स्थानकातील किंवा बसस्थानकातील गाळ्यांनाही हेच लागू होते. अशा ठिकाणी मोठ्या दुकानाला सवलत देणे शहाणपणाचे ठरू शकते.

पण अख्खा भूखंडच मॉल चालवणाऱ्या कंपनीला दिला, तर चित्र उलटे होते. तिथे मोठे दुकान त्याच समूहाचे आणि बाकीचे गाळे भाड्याने लावणारा मालकही तोच. गर्दीमुळे वाढलेले भाडे त्याच्या खिशात जाते. सरकार मात्र ठरलेल्या जमीनभाड्यावर थांबते. खासगी मॉलचा दाखला देऊन सरकारी सवलतीचे समर्थन केले जाते तेव्हा हा फरक बहुतेक वेळा निसटतो.

सरकारला कर मिळेल, हे खरे. पण तोही सगळा नवा नसतो. ग्राहकाने महिन्याचा किराणा पेठेतल्या दुकानाऐवजी मॉलमधून घेतला, तर वस्तू व सेवा कराची जागा बदलते, एकूण खरेदी तेवढीच राहते. बिलाविना होणारी विक्री बिलावर आली तर कर वाढतो, बाहेरगावचे ग्राहक आले तर शहरातली विक्री वाढते. वाढ मोजायची ती एवढीच. शिवाय तो कर राज्य आणि केंद्राकडे जातो. ज्या प्राधिकरणाने किंवा परिवहन महामंडळाने जमीन दिली, त्याच्या हाती भाडेच उरते.

रोजगार वाढतो का?

मॉलच्या घोषणेबरोबर रोजगाराचा मोठा आकडा येतोच. पण किरकोळ विक्री आणि कारखाना यांत फरक आहे. कारखान्याचा माल राज्याबाहेर, देशाबाहेर विकला जातो आणि बाहेरचा पैसा आत येतो. किराणा, कपडे विकणारे दुकान प्रामुख्याने आसपासच्या ग्राहकांच्या खिशावर चालते. त्यामुळे नव्या दुकानातील काही नोकऱ्या जुन्या दुकानांतून सरकलेल्या असतात.

अमेरिकेत वॉलमार्टवर झालेल्या अभ्यासांतही एकमत नाही. एमेक बास्कर यांच्या २००५ मधील अभ्यासानुसार नवे वॉलमार्ट सुरू झाल्यावर त्या काउंटीत किरकोळ क्षेत्रातील सुमारे १०० नोकऱ्या वाढल्या, पण पुढील ५ वर्षांत त्यातील निम्मी वाढ ओसरली. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच्या उलट निष्कर्ष काढला. त्यांच्या मते एका दुकानामागे काउंटीतील किरकोळ क्षेत्रातल्या सुमारे १५० नोकऱ्या घटल्या. भारतातील बाजार वेगळा आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. पण कंपनीने सांगितलेला रोजगाराचा आकडा म्हणजे शहराला मिळालेला निव्वळ रोजगार नव्हे, एवढे दोन्हींतून दिसते.

९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यात खरा तोटा कुठे लपतो?

चर्चा बहुधा पहिल्या वर्षाच्या भाड्यावर होते. खरा फरक पडतो तो भाडेवाढीच्या कलमाने. समजा, भाडे आज १०० रुपये आहे आणि करारात दर १० वर्षांनी १० टक्के वाढ ठरली आहे. ३० वर्षांनी ते १३३ रुपये होईल. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आज १०० रुपयांना मिळणारी वस्तू तेव्हा ४३२ रुपयांना मिळेल. ९० वर्षांनंतर भाडे २३६ रुपये असेल, तर त्याच वस्तूची किंमत ८ हजार रुपयांच्या पुढे गेलेली असेल. म्हणजे सुरुवातीला बाजारभावाने ठरलेले भाडेही काही दशकांत नाममात्र होऊन जाते. दोन-तीन वर्षांच्या भाडेमाफीपेक्षा हे कलम कितीतरी महाग पडते.

मुंबईकरांना याचा अनुभव आहे. दशकांपूर्वी दीर्घ मुदतीने दिलेल्या सरकारी, पालिकेच्या आणि बंदराच्या जागांचे भाडे बाजारभावापेक्षा खूप मागे राहिले आणि ते वाढवायला घेतले की न्यायालयीन लढाया झाल्या.

न्यायालये काय सांगतात?

या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल मुंबईतल्याच एका भाड्याच्या जागेवरून लागला. सांताक्रूझ विमानतळावरील उपाहारगृह आणि अल्पोपाहाराचे स्टॉल चालवण्याच्या निविदेत विशिष्ट अनुभवाची अट होती. ती पूर्ण न करणाऱ्याला काम दिले गेले. रमण दयाराम शेट्टी प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी संस्था खासगी मालकासारखी मर्जीनुसार कोणालाही जागा देऊ शकत नाही. स्वतः घातलेले निकष तिला पाळावेच लागतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधील समानता तिला बांधील आहे. विलंबासह अन्य कारणांमुळे ते कंत्राट मात्र रद्द झाले नाही.

पुढच्याच वर्षी कस्तुरीलाल रेड्डी प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. जम्मू-काश्मीर सरकारने कारखाना उभारण्याच्या बदल्यात राळ काढण्याचे हक्क निविदेविना दिले होते. न्यायालयाने ते वैध ठरवले. सार्वजनिक मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी दराने द्यायची नाही हा नियम. मात्र त्यातून दुसरे सार्वजनिक हित साधत असेल, तर अपवाद होऊ शकतो. २०१२ मध्ये २ जी प्रकरणानंतर राष्ट्रपतींनी मागवलेल्या मतावरही न्यायालयाने लिलाव हाच एकमेव मार्ग नसल्याचे स्पष्ट केले.

मुंबई बंदराच्या भाडेकरूंच्या प्रकरणात २००४ मध्ये न्यायालयाने आणखी एक मर्यादा आखली. सरकारी मालकाने खासगी मालकासारखी नफेखोरी करू नये, पण भाडे वाजवी प्रमाणात वाढवण्याचा अधिकार त्याला आहे.

थोडक्यात, सवलतीला कायद्याची मनाई नाही. मनमानीला आहे.

सवलत नसेल तर मोठी दुकाने येणारच नाहीत का?

अनुभव तसे सांगत नाही. अहमदाबादचे उदाहरण समोर आहे. पवईत २००२ मध्ये पहिले दुकान उघडणाऱ्या डीमार्टचा भर तर स्वतःच्या मालकीच्या किंवा ३० वर्षांहून अधिक मुदतीने घेतलेल्या जागांवर राहिला आहे. स्वस्त विकणारी साखळीही जागेची किंमत मोजून वाढू शकते, हे त्यातून दिसते. ग्राहक असतील तिथे दुकान येते. सवलतीची गरज खरोखर होती का, हे कळण्याचा सोपा उपाय म्हणजे तीच जागा, त्याच सवलतींसह, सर्वांसाठी खुली करणे. एका कंपनीशी थेट बोलणी झाली, की तिने मागितलेली सवलत आवश्यक होती की नुसतीच मागून पाहिली होती, हे कधीच कळत नाही.

महाराष्ट्राने काय पाहावे?

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये एसटी महामंडळाच्या अतिरिक्त जमिनींच्या व्यापारी विकासासाठी भाडेपट्ट्याची मुदत ६० वर्षांवरून ९८ वर्षांपर्यंत, म्हणजे ४९ अधिक ४९ वर्षे, नेली. आर्थिक अडचणीतील एसटीला उत्पन्नाची गरज आहे. मुदत मोठी असली की विकासकाला कर्ज मिळणे सोपे जाते, बोलीही चांगली येते. म्हणून लांब मुदत हा आपोआप दोष ठरत नाही. पण करारातली चूकही तेवढीच वर्षे टिकते.

त्यामुळे करार करण्यापूर्वी काही गोष्टी तपासायला हव्यात. सवलतीची रुपयांतील एकूण किंमत आधी काढून जाहीर झाली आहे का? जागा खुल्या स्पर्धेतून दिली आहे का? विमानतळांवरील दुकानांप्रमाणे किमान भाडे किंवा उलाढालीतील वाटा, यांपैकी जे जास्त ते, अशी अट आहे का? ठराविक वर्षांनी भाडे बाजारभावाशी जोडले जाणार का? ठरल्या मुदतीत बांधकाम आणि रोजगार झाला नाही, तर जागा परत घेण्याचे कलम आहे का? बसस्थानकाच्या आवारात वर्षानुवर्षे व्यवसाय करणाऱ्या लहान विक्रेत्यांना परवडणाऱ्या भाड्याचे गाळे राखून ठेवले आहेत का? आणि संपूर्ण करार नागरिकांना वाचता येतो का?

विशाखापट्टणममध्ये एका सरकारने दिलेली जमीन दुसऱ्याने काढून घेतली आणि पुन्हा पहिल्यानेच दिली. या खेळात जागा वर्षानुवर्षे मोकळी राहिली. हिशेब आधीच उघड झाला असता आणि स्पर्धेतून भाडे ठरले असते, तर सरकार बदलल्यावर करार मोडायला कारण सापडणे अवघड गेले असते. मॉल बांधणाऱ्या कंपनीसाठीही तेच अधिक सुरक्षित ठरले असते.