रोजा, वजू आणि डोळ्यांतील लेन्स

मुळशी तालुक्यातील हिंजवडी आयटी पार्ककडे रोज दुचाकीने जाणाऱ्या अनेकांना चष्मा अडचणीचा वाटतो. हेल्मेट घालताना तो काढावा लागतो, पावसात काचा भिजतात. मग कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार येतो आणि शंकाही येतात. रमजानमध्ये त्यांत आणखी दोन-तीन शंकांची भर पडते.

लेन्स डोळ्यामागे जाऊन हरवेल, ही भीती सर्वांत मोठी. तसे होत नाही. पापणीच्या आतले नाजूक आवरण वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेले असते, त्यामुळे मागची वाट बंद असते. लेन्स फार तर पापणीखाली सरकते.

खरी भीती पाण्याची बाळगावी. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी १९६१ साली मऊ लेन्स घडवल्या. पाणी शोषून मऊ राहणे हा त्यांचा गुण, पण तोच धोकाही ठरतो. नळाच्या, विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून बुबुळापर्यंत पोहोचला, तर दृष्टीही जाऊ शकते. म्हणून लेन्स आणि तिची डबी पाण्याने धुऊ नये. त्यासाठी लेन्सचे द्रावणच वापरावे आणि तेही रोज नवे.

नमाजापूर्वी हात, तोंड आणि पाय धुतात, त्याला वजू म्हणतात. त्यात चेहरा बाहेरून धुवायचा असतो, डोळ्याच्या आत पाणी घेण्याची गरज नसते. तेव्हा डोळे घट्ट मिटून वजू करावी आणि पापण्या टिपून घ्याव्यात. लेन्सला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत.

दुसरा धोका झोपेचा. बुबुळाला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो. लेन्स घालून झोपल्यास जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो. रमजानमध्ये रात्री तरावीहची नमाज, पहाटे सहरी आणि मग थोडी डुलकी, अशी तुटक झोप होते. त्यामुळे रात्रीच्या नमाजापूर्वीच लेन्स काढून चष्मा लावावा. सहरीलाही चष्माच असू द्यावा आणि लेन्स कामावर निघताना घालावी.

एसीत संगणकापुढे बसून डोळे कोरडे पडतात. डॉक्टरांनी दिलेले थेंब रोजात चालतात का? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ साली जेद्दा येथे ठरवले, की डोळ्यांत थेंब घातल्याने रोजा मोडत नाही. याबाबत काही जुने मतभेद आहेत, त्यामुळे शंका असल्यास आपल्या मौलानांना विचारावे. पण औषध टाळून डोळा पणाला लावू नये.

२०२४ आणि २०२५ साली धुळवड रमजानमध्येच आली होती. रंग खेळणाऱ्यांनीही त्या दिवशी लेन्स घरी ठेवून चष्मा लावावा.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लेन्स वापरणाऱ्याच्या पिशवीत चष्मा कायम असावा, तो अशा वेळेसाठीच.