अश्वशक्ती नंतर विचारा

फ्लोरिडात जुन्या वेगवान बोटींची जाहिरात बहुधा इंजिनाच्या आकड्यानं सुरू होते. इतके सिलिंडर, इतकी अश्वशक्ती. गिऱ्हाईकही आधी तेच विचारतं. पण एकाच इंजिनाची बोट घ्यायची असेल, तर आधी वाकून तिचं बूड पाहावं आणि मग तिचं वजन विचारावं. इंजिनाची पाळी त्यानंतरची.

बोट संथ चालते तेव्हा पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकून पडते. साधारण २२ फुटी बोटीला ही लाट ताशी ११ किलोमीटरच्या आसपासच आडवी येते. तिच्या पुढे जायचं तर पाणी कापणं सोडून पाण्यावर चढावं लागतं. तळ्यात तिरका फेकलेला चपटा दगड बुडायच्या आधी टप्पे घेतो, तेच इथे घडतं. तळाखाली दाबलं गेलेलं पाणी बोटीला वर ढकलतं आणि मग तिचा थोडाच भाग ओला राहतो.

यासाठी सपाट तळ सर्वांत सोयीचा; थोड्या ताकदीतही तो वर चढतो. मात्र पाणी खवळलं की प्रत्येक लाटेवर तो आपटतो आणि बसणाऱ्याचे मणके खिळखिळे करतो. यावरचा उपाय अमेरिकी आरेखक रे हंट यांनी काढला. तळाला इंग्रजी ‘व्ही’सारखा खोल उतार द्यायचा, दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांचा, आणि तोही थेट मागच्या टोकापर्यंत. १९५८ साली न्यूपोर्टला शिडाच्या बोटींच्या शर्यतीसाठी आलेल्या रिचर्ड बर्ट्रम यांनी हंट यांची अशी एक छोटी बोट खडबडीत पाण्यातून सुसाट जाताना पाहिली आणि स्वतःसाठी मोठी मागवली. ‘मॉपी’ नावाच्या त्या बोटीनं १९६० ची मायामी ते नसाऊ शर्यत वादळी समुद्रात जिंकली. तिला इंजिनं दोन होती, पण हाच तळ पुढे एका इंजिनाच्या लहान बोटींत उतरला. डॉन अ‍ॅरोनो यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘डॉन्झी’च्या बोटी त्याच घराण्यातल्या. त्यांची २२ फुटी ‘क्लासिक’ आजही हौशी लोक शोधत असतात.

उतार असलेला तळ लाटेवर पडतो तेव्हा एकदम न टेकता हळूहळू पाण्यात शिरतो. धक्क्याचा काळ लांबला की धक्क्याचा जोर उतरतो. याची किंमतही आहे. असा तळ पाण्यावर चढवायला जास्त ताकद लागते आणि बोट थांबली की ती डुलते. समुद्रावर जायचं नसेल, सगळी हौस तलावावरच भागणार असेल, तर २४ अंशांचा हट्ट मला तरी फुकाचा वाटतो. १६ ते १८ अंश पुरतात आणि पेट्रोलही वाचतं.

आता वजन. १९२४ आणि १९२५ साली ‘बेबी बूटलेगर’ या बोटीनं अमेरिकेतल्या वेगवान बोटींच्या शर्यतीचा गोल्ड कप जिंकला. तिच्यात एकच इंजिन होतं, तेही विमानाचं, हिस्पानो-सुइझाचं. तिचे आरेखक जॉर्ज क्राउच यांच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र अजून वापरात आहे. एकाच घडणीच्या तळांवर वेग हा ताकद भागिले वजन या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १८०० किलोच्या बोटीत ४२० अश्वशक्तीचं इंजिन आहे असं धरू. तसंच दुसरं बसवलं तर ताकद दुप्पट होईल, पण सगळ्या सरंजामासकट अर्धा टन वजनही वाढेल. गणित केलं तर वेग जेमतेम सव्वापट होतो. त्यातूनही पाण्यात फरफटणाऱ्या दुसऱ्या पायाचा, म्हणजे पंखा धरून मागे पाण्यात उतरणाऱ्या भागाचा, अडथळा वजा करायचाच आहे. पेट्रोल मात्र जवळपास दुप्पट. पहिलंच इंजिन पूर्ण वेगात तासाला शंभर लिटरहून जास्त पितं!

एका इंजिनाची खोड वेगळीच असते. पंखा मागून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून बोट उलट दिशेनं, डावीकडे कलू पाहते. दोन इंजिनं असली तर पंखे एकमेकांच्या विरुद्ध फिरवून हा झोल मिटवता येतो. एकट्याला ती सोय नाही. अशा बहुतेक बोटींत चालकाची जागा उजवीकडे असते. त्याचं वजन या कलण्याला थोडा तोल देतं. व्होल्वो पेंटानं १९८२ मध्ये एकाच आसावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे आणले, तो याच दुखण्यावरचा महागडा इलाज.

पंख्याचं गणित कागदावर मांडता येतं. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेतंय आणि गिअर ते दीडानं कमी करतो, म्हणजे पंखा ३३३३ वेळा फिरतो. एका फेऱ्यात तो २४ इंच पुढे सरकायला हवा. हिशेबानं ताशी १२२ किलोमीटर होतात. पाण्यात पंखा १२ टक्के घसरला तर १०७. विकणारा याहून बराच मोठा आकडा सांगत असेल, तर त्याला पंख्याचं माप विचारावं. चाचणीत इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत चढतच नसेल, तर बहुधा पंखा जड आहे. तो बदलणं इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

जुनी बोट असेल तर छोटी हातोडी सोबत न्यावी. मागच्या ज्या भिंतीवर सगळा जोर येतो, तिच्या फायबरग्लासच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. पाणी मुरलं की ते कुजतं आणि टकटक करण्याऐवजी भद्द वाजतं. त्याच भिंतीतून पाय बाहेर येतो, तिथली रबरी घडीची नळी वाकवून तिच्या भेगा बघाव्यात. ती फाटली तर धक्क्याला बांधलेली बोटही रातोरात तळाला जाते.